वाचकांचे प्रश्न : फिगर स्केटिंगच्या प्रोग्रॅमसाठी संगीत कसे निवडावे?

पुण्यातल्या रिंकवर कलात्मक स्केटिंग करणाऱ्या मुलांविषयीचा लेख मागील अंकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख प्रोग्रॅमच्या, म्हणजे स्पर्धेत सादर करायच्या बसवलेल्या रचनेच्या, संगीताकडे होता, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. आपल्याकडची बहुतेक मुले चाकांच्या स्केट्सवर घडतात आणि त्यांतली काही सुट्टीत गुरुग्रामला किंवा हिवाळ्यात सिमल्याला जाऊन बर्फावर सराव करतात. पुढील उत्तरांमधले नियम आणि आकडे बर्फावरच्या फिगर स्केटिंगचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेचे आहेत. चाकांवरच्या आर्टिस्टिक स्केटिंगची नियमपुस्तिका स्वतंत्र आहे. तिच्यातल्या वेळा आणि गुण निराळे असले, तरी संगीत पारखण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची असून यंदा तिचा पहिला स्वतंत्र प्रोग्रॅम बसवायचा आहे. तिला सध्या गाजत असलेले एक चित्रपटगीत हवे आहे, कोच पाश्चात्त्य वाद्यसंगीत सुचवतात आणि घरी आम्ही सगळे शास्त्रीय संगीत ऐकणारे आहोत. निर्णय कोणी घ्यावा? — एक आई, कोथरूड

उत्तर : आपल्या पत्रात तीन आवडीनिवडींचा उल्लेख आहे, पण मुलीचे स्केटिंग कसे आहे, याविषयी एकही वाक्य नाही. ती एका रेट्यात किती लांब जाते, तिचा वेग वळणावर टिकतो की तुटतो, ती उडीच्या आधी किती वेळ तयारी करते, या गोष्टी ठाऊक असल्याशिवाय संगीताची चर्चा सुरूच होऊ शकत नाही. संगीत निवडताना ते घरी सोफ्यावर बसून ऐकले जाते आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. कानाला अप्रतिम वाटणारी रचना पायांना झेपेलच असे नाही.

म्हणून एक साधी परीक्षा सुचवावीशी वाटते. तिघांच्या आवडीचे तीन तुकडे रिंकवर न्यावेत आणि प्रत्येकावर मुलीला उड्या न घेता केवळ सरकायला सांगावे : साधे स्ट्रोक, क्रॉसओव्हर (एक पाय दुसऱ्यावरून टाकत घेतलेली पावले), आतल्या आणि बाहेरच्या एजवरची, म्हणजे पात्याच्या कडेवरची, वळणे. कठड्याबाहेरून मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे आणि घरी आल्यावर ते आवाज बंद करून पाहावे. ज्या चित्रफितीत आवाज नसतानाही कुठे संथ होते, कुठे चढते आणि कुठे थांबते हे डोळ्यांना कळते, त्या चित्रफितीतले संगीत मुलीच्या अंगात उतरलेले असते. तिन्ही चित्रफिती सारख्याच दिसल्या, तर तिन्ही संगीते बाजूला ठेवावीत.

अकरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत दोन टोके टाळणे हिताचे असते. अतिशय संथ संगीतात एकेक सूर लांबत जातो आणि तो भरून काढण्यासाठी एका पायावर दीर्घकाळ स्थिर सरकावे लागते. त्या वयात गुडघ्यात तेवढी ताकद आलेली नसल्यामुळे पाय डगमगतो आणि वरचे संगीत तो डगमग जास्तच ठळक करते. उलट फार द्रुत संगीतात हात तालाबरोबर धावतात आणि पाय मागे राहतात. ज्यात वाक्ये स्पष्टपणे सुरू होतात आणि स्पष्टपणे संपतात, असे मध्यम लयीचे संगीत पहिल्या प्रोग्रॅमला सर्वांत उपकारक ठरते.

चित्रपटगीताबद्दल माझा आक्षेप लोकप्रियतेला नसून त्याच्या बांधणीला आहे. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा, पुन्हा अंतरा अशा रचनेत तोच उत्कर्षबिंदू दोन-तीनदा येतो, ठेक्याची घनता सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी राहते आणि मुलीला कुठे श्वास घ्यायला जागा उरत नाही. शिवाय पुष्कळ गाजलेल्या गाण्यांचे शब्द प्रौढ शृंगाराचे असतात. अकरा वर्षांच्या मुलीने त्यावर हावभाव करणे प्रेक्षकांना अवघडून टाकते. तिला चित्रपटसंगीतच हवे असेल, तर गाण्याऐवजी पार्श्वसंगीताचा तुकडा शोधावा. त्यात मुळातच दृश्याबरोबर चढउतार रचलेले असतात.

आता निर्णयाविषयी. लय आणि लांबी यांबाबत कोचचा शब्द अखेरचा असावा. पण नकाराधिकार मुलीचा असावा, कारण हेच संगीत वर्षभर जवळजवळ प्रत्येक सरावाला तिच्या कानांवर पडणार आहे आणि मनातून न आवडलेले संगीत दुसऱ्याच महिन्यात तिच्या चेहऱ्यावर दिसू लागते. आई-वडिलांची आवड या क्रमात तिसरी येते. ज्या घरात डिसेंबर आला की सवाई गंधर्व महोत्सवाच्या तिकिटांची लगबग सुरू होते, त्या घराला हे थोडे कठीण जाईल, याची कल्पना आहे.

प्रश्न : मी तबला शिकवतो. माझी नात स्केटिंग करते. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत किंवा नाट्यसंगीत प्रोग्रॅमसाठी वापरता येईल का? येत असल्यास ते कापायचे कसे? — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : वापरता येते. नियमांत कोणत्याही परंपरेला मज्जाव नाही. अडचण आहे ती काळाच्या मापाची, आणि ती आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला लवकर कळणार नाही. वरिष्ठ गटातला शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, २ मिनिटे ४० सेकंदांचा आणि फ्री स्केटिंग, म्हणजे मोठा प्रोग्रॅम, ४ मिनिटांचे असते. दोन्हींत दहा सेकंद इकडेतिकडे चालतात. अतिविलंबित एकतालातल्या बड्या ख्यालाचे एकच आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, मिनिटभर चालू शकते. म्हणजे अख्ख्या फ्री स्केटिंगमध्ये जेमतेम चार समा (आवर्तनाच्या पहिल्या मात्रा) येतील आणि राग उलगडायला लागण्यापूर्वी स्केटरला थांबून नमस्कार करावा लागेल. बडा ख्याल त्यामुळे बाद.

मध्यलयीचा विचार केला, तर मात्र हिशेब सुरेख जुळतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत त्रितालाचे आवर्तन ८ सेकंदांचे होते, म्हणजे शॉर्ट प्रोग्रॅममध्ये बरोबर वीस आवर्तने आणि फ्री स्केटिंगमध्ये तीस. एका संयुक्त स्पिनला साधारण दोन आवर्तने, स्टेप सीक्वेन्सला (पावलांच्या सलग मालिकेला) तीन, उडीच्या तयारीला पाऊण ते एक, अशी वाटणी कागदावर मांडून मग रचना करता येते. कोरिओग्राफरबरोबर आपण असे आवर्तनांचे पान घेऊन बसलात, तर त्यालाही ते उपयोगी पडेल, कारण बहुतेकजण हे काम सेकंदांत करतात आणि वाक्य मध्येच तुटले तरी त्यांच्या ध्यानात येत नाही.

तालांपैकी दादरा स्केटिंगला उपजतच मानवतो, असे माझे मत आहे. सहा मात्रांचे तीन-तीन असे दोन भाग बाहेरच्या एजवरून आतल्या एजवर झुलत जाणाऱ्या वळणांशी चांगले मिळतात. बर्फावरच्या नृत्यात वॉल्ट्झला पहिल्यापासून जे स्थान आहे, तेही या तीनच्या झोक्यामुळेच. झपताल स्टेप सीक्वेन्ससाठी विलक्षण आहे, कारण दोन-तीन-दोन-तीन अशा विभागणीमुळे पावलांना आपोआप विषम गती मिळते आणि परीक्षकांना नेहमीच्या चार-चारच्या चौकटीपेक्षा वेगळे काही पाहायला मिळते. रूपक मात्र नातीला जरा मोठी झाल्यावर द्यावा. त्याची सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर, असते; ती हलकी सुरुवात अंगात मुरलेली नसेल, तर उडी नेमकी चुकीच्या जागी उतरते.

तिहाईविषयी, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येण्याविषयी, सावध करणे आवश्यक आहे. शेवटच्या स्पिनमधून बाहेर येऊन तिहाईच्या अखेरच्या धा वर स्थिर होणे, ही कल्पना कोणाही तबलजीला मोहात पाडणारी आहे आणि जमली तर सभागृह उचलून धरते. परंतु बर्फावरचा वेग दर दिवशी थोडा निराळा असतो, स्पिनमध्ये एखादा फेरा जास्त होतो, आधीच्या उडीत पडझड झाली तर दोन-तीन सेकंद तिथेच जातात. हळूहळू विरत जाणाऱ्या शेवटात एवढा उशीर झाकला जातो. तिहाई तीनदा बजावून सांगते की सम येत आहे, त्यामुळे स्केटर मागे राहिली तर शेवटच्या ओळीतल्या माणसालाही ते कळते. म्हणून तिहाईच्या आधी एक मोकळे आवर्तन राखावे. वेळेवर असल्यास तिथे हातांची एखादी सुंदर हालचाल करता येते आणि उशीर झाला असल्यास तेच आवर्तन तो गिळून टाकते.

कापण्याचे नियम थोडकेच आहेत, पण ते मोडलेले फार ऐकू येतात. काप समेवर घ्यावा. आवर्तनाच्या मध्ये तोडलेला ताल पाश्चात्त्य परीक्षकालाही खटकतो, फक्त त्याला कारण सांगता येत नाही. दोन निरनिराळी ध्वनिमुद्रणे जोडायची असतील, तर आधी षड्ज तपासावा. गायिकेचा षड्ज बहुधा काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास असतो आणि गायकाचा काळी एकच्या आसपास. गायिकेच्या ठुमरीला गायकाचा तराणा जोडला, तर प्रोग्रॅमच्या मध्यावर जमीनच सरकल्यासारखे होते. ऑडॅसिटीसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरवर पट्टी बदलता येते, पण आवाज फार खाली-वर ओढला की कृत्रिम होतो. त्यापेक्षा एकाच मैफलीतले, एकाच पट्टीतले दोन तुकडे घ्यावेत आणि सांध्याखाली तानपुऱ्याचा अखंड झंकार ठेवावा. सांधा झाकण्यासाठी तानपुऱ्यासारखी सोय दुसऱ्या कुठल्याही संगीतपरंपरेला क्वचितच लाभली असेल.

नाट्यसंगीताच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटेच मावत. त्यामुळे बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, अब्दुल करीम खाँ अशा गायकांना त्या काळी आलापापासून तानांपर्यंतचा सगळा प्रवास तेवढ्या अवधीत बसवावा लागला. ही लांबी कनिष्ठ गटाच्या ३ मिनिटे ३० सेकंदांच्या फ्री स्केटिंगशी जवळजवळ तंतोतंत जुळते, आणि काप कुठे घ्यावा याचा प्रश्नच उरत नाही, कारण तो मोठ्या कलावंतांनी स्वतःच घेऊन ठेवलेला आहे. तबकडीचा आवाज मात्र रिंकच्या ध्वनिक्षेपकांवर किरटा लागतो. खालचे स्वर नसतातच आणि मोठ्या पत्र्याच्या छताखाली उरलेले स्वरही विखुरतात. म्हणून तबकडी हा आराखडा मानावा आणि त्या बांधणीवर पुण्यातल्याच एखाद्या तरुण गायिकेकडून, हार्मोनियम आणि तबल्याच्या साथीने, नवे ध्वनिमुद्रण करून घ्यावे. आपण स्वतः तबला वाजवणार असाल, तर नातीच्या वेगाप्रमाणे लय ठरवता येईल. तयार संगीत विकत घेणाऱ्यांना ही चैन मिळत नाही.

प्रश्न : मी सोळा वर्षांची आहे. मला ‘कारमेन’वर प्रोग्रॅम करायचा आहे, पण सगळे म्हणतात की ते फार घासून गुळगुळीत झाले आहे. आणि शब्द असलेले गाणे चालते का? — स्केटर, पिंपरी-चिंचवड

उत्तर : गुळगुळीत झाले आहे, हे खरेच. बिझेच्या या ऑपेराचा पहिला प्रयोग १८७५ मध्ये झाला आणि स्केटर्सनी तो इतका वापरला आहे, की १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीची कातारिना विट आणि अमेरिकेची डेबी थॉमस या दोघीही सुवर्णपदकासाठी त्याच संगीतावर उतरल्या होत्या. विटने सुवर्ण जिंकले, थॉमसला कांस्य मिळाले. त्या सामन्यावरून तुझ्या कामाची गोष्ट अशी, की विटकडे थॉमसइतक्या अवघड उड्या नव्हत्या, परंतु ती त्या पात्राची भूमिका वठवत होती आणि थॉमस संगीताच्या जोरावर उड्या घेत होती.

जे संगीत हजारदा वाजले आहे, ते निवडताना परीक्षकाच्या मनात आधीचे सगळे प्रोग्रॅम जागे होतात आणि तुझी तुलना त्यांच्याशी होते. तुला कारमेनची गोष्ट खरोखरच आवडत असेल, तर तिच्यातला कमी वापरलेला भाग शोध, किंवा दुसऱ्या वाद्यमेळातले रूपांतर घे, म्हणजे ओळखीचे सूर अनोळखी अंगाने येतील. नुसते नाव मोठे आहे म्हणून घेणार असशील, तर नको.

शब्दांबद्दल : एकेरी आणि जोडी प्रकारांत शब्द असलेले गायन २०१४-१५ च्या हंगामापासून चालते, आइस डान्समध्ये (बर्फावरच्या नृत्यात) ते त्याआधीपासून चालत होते. परवानगी मिळाल्यावर पहिल्या काही वर्षांत जो तो गाण्यांच्या मागे लागला आणि शब्दांचा अर्थ हातांनी दाखवण्याची एक कंटाळवाणी तऱ्हा रूढ झाली. ‘हृदय’ म्हटले की हात छातीवर, ‘आकाश’ म्हटले की हात वर. मराठी गाणे घेतलेस, तर परदेशी परीक्षकाला शब्द कळणारच नाहीत. त्याच्यापर्यंत फक्त आवाजाची घडण पोहोचेल. हा तोटा समजू नकोस. शब्दार्थाचे ओझे उतरते आणि गायकाचा श्वास, ठहराव, हरकत या गोष्टींवर काम करायला मोकळीक मिळते. सराव करताना मात्र तुला प्रत्येक शब्द कळलेला असावा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून हे सामने दूरचित्रवाणीवर पाहते. संगीताला परीक्षक खरोखर गुण देतात, की ते केवळ सजावटीपुरते असते? — एक प्रेक्षक, डेक्कन

उत्तर : गुण देतात, पण ते एका रकान्यात शोधून सापडत नाहीत. २००४ नंतर रूढ झालेल्या गुणपद्धतीत कलात्मक बाजूचे पाच घटक होते आणि त्यांतला एक केवळ संगीताच्या आविष्कारासाठी राखलेला होता. २०२२-२३ च्या हंगामापासून तीन घटक राहिले : रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य. संगीताचा स्वतंत्र रकाना गेला म्हणून अनेकांनी नाराजी व्यक्त केली. प्रत्यक्षात संगीताची वाक्ये आणि घाट रचनेत उतरले आहेत का, हे पहिल्या घटकात पाहिले जाते. संगीताची जाण आणि अचूक वेळ दुसऱ्यात तपासली जाते. त्याखेरीज प्रत्येक उडी, स्पिन किंवा स्टेप सीक्वेन्सच्या गुणवत्तेसाठी उणे पाच ते अधिक पाच असे गुण असतात आणि ते ठरवताना ती हालचाल संगीताशी जुळली का, हाही एक निकष असतो. म्हणजे संगीताचे गुण पत्रिकाभर विखुरलेले आहेत.

नियमांचा उलट परिणामही होतो, तो पाहणे अधिक रंजक आहे. प्रोग्रॅमच्या उत्तरार्धात घेतलेल्या उड्यांना दहा टक्के अधिक गुण मिळत. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये रशियाच्या पंधरा वर्षांच्या अलिना झागितोवाने फ्री स्केटिंगमधल्या सर्व उड्या उत्तरार्धात ठेवल्या आणि सुवर्णपदक जिंकले. अशा योजनेला संगीतही तसेच लागते : पूर्वार्ध पावलांचा आणि स्पिनचा, उत्तरार्ध सतत चढता. त्याच वर्षी ही सवलत फ्री स्केटिंगमध्ये शेवटच्या तीन उड्यांपुरती आणि शॉर्ट प्रोग्रॅममध्ये शेवटच्या एका उडीपुरती मर्यादित झाली, आणि तेव्हापासून पूर्वार्धातही उठाव असलेली संगीते पुन्हा ऐकू येऊ लागली. मला स्वतःला हा बदल सुखाचा वाटला. दोन मिनिटे नुसती वाट पाहायला लावणारे प्रोग्रॅम कितीही हुशारीचे असले, तरी ते पाहताना हिशेबाची वही उघडी दिसत असे.

आणि संगीत हेच सर्वस्व ठरल्याचे उदाहरण हवे असेल, तर १९८४ चे सारायेवो ऑलिंपिक आहे. ब्रिटनच्या जेन टॉर्विल आणि क्रिस्टोफर डीन यांनी राव्हेलचा ‘बोलेरो’ घेतला. १९२८ ची ही रचना पाव तासाच्या आसपास चालते आणि एकच धून, एकाच ठेक्यावर, वाद्ये वाढवत वाढवत शेवटच्या स्फोटापर्यंत नेते. तिचा चढ न मोडता ती साडेचार मिनिटांच्या फारशी खाली आणता येईना, आणि नियमाची कमाल मर्यादा ४ मिनिटे १० सेकंदांची होती. वेळ मोजली जात असे ती पाती बर्फावर फिरू लागल्यापासून. तेव्हा त्या दोघांनी पहिले सुमारे अठरा सेकंद गुडघ्यांवर बसूनच हालचाली केल्या. कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी पूर्ण ६.० गुण दिले. आज ही युक्ती चालणार नाही, कारण आता स्केटरने पहिली हालचाल केली की घड्याळ सुरू होते. परंतु वेळेत बसत नाही म्हणून रचनेचा कणा मोडण्याऐवजी त्यांनी नियमपुस्तिका पुन्हा वाचली, हे संगीतप्रेमी माणसाला फार भावते.

प्रश्न : ढोल-ताशांच्या गजरावर प्रोग्रॅम बसवला तर? — ढोलपथकातला एक वादक, कसबा पेठ

उत्तर : प्रदर्शनीय कार्यक्रमात जरूर बसवावा, स्पर्धेत एखादा छोटा तुकडाच घ्यावा. बंदिस्त रिंकमध्ये ढोलाचा घुमारा भिंतींवर आदळून परततो, ताशाची तर्री त्यात विरते, आणि लक्ष्मी रस्त्यावर अंगावर काटा आणणारा ठेका तिथे नुसता गडगडाट होऊन बसतो. शिवाय सूर नसल्यामुळे दोन मिनिटांनंतर स्केटरला लांब, संथ रेषा काढायला आधार उरत नाही. शेवटच्या चाळीस सेकंदांत, आधी सनई किंवा बासरीने जागा मोकळी केल्यावर, ढोल आले तर ते शोभतात.

प्रश्न : परदेशी स्केटर आपले संगीत वापरतात, ते कितपत योग्य? आणि आपल्या मुलांनी भारतीय संगीतच घ्यावे असा आग्रह धरावा का? — एक वाचक, औंध

उत्तर : दोन्ही प्रश्नांना २००९-१० च्या हंगामाने चांगली उदाहरणे पुरवली आहेत. त्या वर्षी आइस डान्समध्ये लोकनृत्याची संकल्पना दिलेली होती. अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी हिंदी चित्रपटगीते निवडली, भारतीय नृत्य शिकवणाऱ्या शिक्षिकेकडे जाऊन हस्तमुद्रा आणि मानेच्या हालचाली शिकून घेतल्या, आणि त्या नृत्याचे भारतीय प्रेक्षकांनी मनापासून स्वागत केले. व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये त्यांना रौप्यपदक मिळाले. त्याच हंगामात रशियाच्या ओक्साना दोमनिना आणि मॅक्सिम शाबालिन यांनी ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींच्या नावाने बसवलेल्या नृत्यावर त्या समाजाच्या नेत्यांनी तीव्र आक्षेप घेतला. दोघांमधला फरक शिकण्याच्या कष्टांचा होता.

भारतीय संगीताचा आग्रह मात्र धरू नये. आपल्या मुलीला शोपँचे पियानोसंगीत अंगात उतरवता येत असेल, तर तिने तेच घ्यावे. भारतातून आलेली स्केटर म्हणून तिने दर वर्षी तबला-सतारच वाजवावी, ही अपेक्षा बाहेरच्यांची असते. ती आपण घरातून वाढवू नये.

प्रश्न : हंगामाच्या मध्यावर संगीत बदलावे का? — एक पालक, हडपसर

उत्तर : सहसा नाही, उड्यांच्या जागा, श्वास, वळणे सगळेच नव्याने बसवावे लागते. बदलायचेच असेल, तर अंगवळणी पडलेल्या जुन्या संगीताकडे परतणे सर्वांत सुरक्षित. जपानच्या शिझुका अराकावाने २००४ चे विश्वविजेतेपद ‘तुरान्दोत’च्या संगीतावर मिळवले होते. २००५-०६ च्या हंगामाच्या मध्यावर ती फ्री स्केटिंगसाठी त्याच ऑपेराकडे परतली आणि तुरिनमध्ये ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकली. अमेरिकेच्या नेथन चेननेही २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या हंगामात सुरुवातीचे दोन्ही प्रोग्रॅम बाजूला ठेवून आधी वापरलेल्या संगीताकडे मोर्चा वळवला आणि सुवर्ण मिळवले. नवाकोरा तुकडा जानेवारीत आणून मार्चमध्ये स्पर्धेत उतरवण्याचे धाडस मात्र आपल्या पाल्याकडून करवून घेऊ नये.

प्रश्न : संगीताच्या हक्कांसाठी काय करावे लागते? इंटरनेटवरून घेतलेले गाणे वापरले तर कोण विचारतो? — एक कोच, बिबवेवाडी

उत्तर : अलीकडे विचारतात. बीजिंग ऑलिंपिकच्या सुमारास एका अमेरिकी जोडीवर आणि सामना दाखवणाऱ्या वाहिनीवर ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी दावा दाखल झाला, आणि तेव्हापासून स्पर्धकांनी परवानगीची खातरजमा आधीच करावी, असा आग्रह सर्वत्र वाढला आहे.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. त्यात रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क असे दोन वेगळे हक्क असतात, आणि गोंधळ बहुधा इथेच होतो. संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची रचना मोकळी असली, तरी गेल्या वर्षीचे तिचे ध्वनिमुद्रण मोकळे नसते. पारंपरिक बंदिश कोणीही गाऊ शकतो, पण एखाद्या गायिकेने ती गाऊन प्रसिद्ध केलेला अल्बम परवानगीशिवाय सार्वजनिक कार्यक्रमात वाजवता येत नाही. सार्वजनिक वादनाचे परवाने ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल आणि गीत-संगीतासाठी आयपीआरएस या संस्था देतात; ते घेणे सहसा स्पर्धेच्या आयोजकांचे काम असते, पण ते घेतले आहेत का, हे कोचने विचारून ठेवावे. संगीत कापून जोडण्याची आणि कार्यक्रम इंटरनेटवर दाखवण्याची मुभा त्या परवान्यात आपोआप येत नाही.

वर सदाशिव पेठेतल्या वाचकांना सुचवलेला मार्ग इथेही सर्वांत बिनधोक आहे : पारंपरिक रचना घ्यावी, स्थानिक कलावंतांकडून ती नव्याने ध्वनिमुद्रित करावी आणि त्यांच्याकडून स्पर्धेत वाजवणे, कापणे व प्रक्षेपित करणे या तिन्हींसाठी सही केलेले संमतिपत्र घ्यावे. त्यात मानधन, वापराची मुदत आणि श्रेयनामावली यांचा उल्लेख असावा. स्पर्धेला जाताना संगीताची फाइल आयोजकांनी सांगितलेल्या स्वरूपात आधी पाठवावी, तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि दुसरी मोबाइलवर ठेवावी, फाइलच्या नावात स्केटरचे नाव, गट आणि नेमकी लांबी लिहावी, आणि तिच्या सुरुवातीला किंवा शेवटी रिकामी शांतता राहिली नाही ना, हे रिंकवर जाण्यापूर्वी एकदा ऐकून पाहावे.